रतनची खुर्ची आणि शेरभर हुलगे

जानेवारीतला दुसरा रविवार. धायरीत त्या सकाळी असं धुकं उतरलं होतं की गिरणीसमोरच्या चौदा मजली टॉवरचे खालचे तीन मजलेच उरले होते. वरचे कुणीतरी काढून नेल्यासारखे. रतन पोकळेने शटर अर्धं वर केलं, वाकून आत शिरली, मफलर कानांवर ओढला आणि गिरणीचा दगड उघडायला बसली. भोगी दोन दिवसांवर. साऱ्या धायरीला बाजरीचं पीठ पाहिजे होतं आणि दगड नेमका गुळगुळीत झाला होता. गुळगुळीत दगड दळत नाही, नुसता तापतो. तापलेल्या पिठाची भाकरी थापताना चिरते, मग बाया गिरणीवर येऊन डबा आपटतात. म्हणून दगडाला टाकी लावायची. छिन्नी धरायची, हातोडीने टिकटिक करत मधून कडेला खाचा पाडत न्यायच्या. घाई केली की टवका उडतो.

नवरा बजरंग चहाचे दोन पेले घेऊन दारात आला. "आज ऱ्हाऊ दे की. मी बघतो. दुपारी काठी धरायचीय तुला, हात भरून येतील."

"मोकळं ठिवलं तर जास्त भरत्यात," रतन म्हणाली. पेला जमिनीवर ठेवून तिने पुन्हा टिकटिक सुरू केली.

काठी म्हणजे पूलची. रतन पोकळे, वय पंचेचाळीस, दोन लग्नाच्या पोरांची आई, गिरणीवाली, ती पूल खेळते. गंमत म्हणून नाही. काळी पँट, कॉलरचा शर्ट, पंच, टाळ्या, असं सगळं रीतसर. धायरीत मात्र या खेळाचं नाव एकच, गोट्या. भाऊबंदांनी जमिनी बिल्डरला दिल्या, दारात पांढऱ्या गाड्या उभ्या केल्या आणि कट्ट्यावर बसून ते बजरंगला विचारतात, "काय रं, आज मालकीण गोट्या खेळाय गेली काय?" बजरंगही सुरुवातीला चिडायचा. मग त्याला उत्तर सापडलं. "व्हय, गेली. तुझी काय करती?" त्यावर कट्टा विषय बदलायचा, कारण त्यांच्या मालकिणी काय करतात हे त्यांना खरंच माहीत नसायचं.

ही भानगड सुरू झाली ती भांडणातून. गिरणीच्या वरच्या मजल्यावर शुभंकर वानखडे नावाच्या पोराने पूल पार्लर टाकलं होतं. मूळचा पुसदचा. शिकायला इकडं आला. तिसऱ्या वर्षात त्याने इंजिनिअरिंग सोडलं की इंजिनिअरिंगने त्याला, यावर दोन मतं आहेत. पार्लर टाकून आठवडा झाला नाही तोच तो तणतणत खाली आला.

"काकू, तुमची चक्की सुरू झाली का माह्ये बॉल आपोआप सरकून राह्यले!"

"मग धरून ठेव की."

"अवो, धरून कसा ठेवू? खेळ हाये तो!"

"माझ्या सासऱ्यांनी बशिवलेली गिरणी हाय ही. तू काल आलायस. उचल तुझ्या गोट्या आन् जा दुसरीकडं."

असं म्हणाली खरी, पण संध्याकाळी शटर ओढून वर गेलीच. हिरवं कापड ताणून बसवलेलं टेबल. खाली काय आहे म्हणून विचारलं तर शुभंकर म्हणाला, दगडाची लादी. दगड म्हटल्यावर बाईचा चेहरा पालटला. तिने कापडाला गाल टेकवला, एक डोळा मिटून टेबलाची लांबी पाहिली आणि सरळ होत म्हणाली, "गिरणीला कशाला दोष देतुयास? तुझा दगडच ह्या कोपऱ्यात बसलाय. पाचर घाल." पाचर घातली. गिरणी चालू, बॉल जागच्या जागी. शुभंकरने दोन्ही हात जोडले आणि म्हणाला, "एक डाव खेळूनच जा आता." 

त्या डावात तिला एकही बॉल घालता आला नाही. दीड वर्षाने पार्लरमधल्या एकाही पोराला तिच्यापुढे टिकता येईना. जन्मभर दोन दगडांमधली फट नुसत्या आवाजावरून ओळखणारी बाई. तिला कुठला बॉल कुठे लागून कुठे जाईल हे दिसायचं. का दिसायचं ते सांगता यायचं नाही. विचारलं की म्हणायची, "दिसतंय म्हणून मारती. न दिसता मारायला मी काय आंधळी कोशिंबीर खेळतीय का?"

खेळ तसा सोपा. एक ते नऊ नंबरचे बॉल. टेबलावर सगळ्यांत कमी नंबरचा जो असेल त्याला पांढरा बॉल आधी लागला पाहिजे. नऊ नंबर जो खड्ड्यात घालेल त्याचा डाव. सात डाव आधी जिंकेल तो जिंकला. पण एक गोष्ट या खेळाबद्दल सांगताना कुणी सांगत नाही. समोरचा चुकेपर्यंत तुम्ही खुर्चीत बसायचं. कुस्तीत समोरच्याला धरता येतं, कबड्डीत निदान पळता येतं. इथे तो तुमच्या डोळ्यांदेखत तुमचा डाव घेऊन चाललेला असतो आणि तुम्ही खुर्चीत. पाच मिनिटं. दहा मिनिटं. काही करायचं नाही, बोलायचं नाही, उठायचं नाही.

आणि रतनला बसणं येत नव्हतं.

राष्ट्रीय स्पर्धेला जाणाऱ्या राज्याच्या महिला संघात चार जागा असतात. तीन ठरलेल्या, चौथी खुल्या निवड स्पर्धेतून. रतन लागोपाठ दोन वर्षं त्या स्पर्धेच्या शेवटच्या सामन्यापर्यंत गेली आणि दोन्ही वेळा तिथेच आपटली. पहिल्या वर्षी पाच-एक अशी पुढे होती. मग समोरच्या मुलीने सलग तीन डाव घेतले, रतन खुर्चीत, आणि त्यानंतर टेबलावर आली ती दावं तोडलेल्या म्हशीसारखी. दिसेल ते मारत सुटली. दुसऱ्या वर्षी तेच. आता संघटनेने पत्रक काढलं होतं की पुढल्या सालापासून खुली स्पर्धा बंद. संघ अकादमीतल्या मुलींमधूनच निवडणार. रतनने पत्रक दोनदा वाचलं आणि गिरणीच्या भिंतीवर खिळ्याला अडकवलं. म्हणजे हाच रविवार. यानंतर तिच्यासारखीला आत यायला दार नव्हतं.

"तुमचा खेळ टेबलावर नाई बिघडत, काकू," दुसऱ्या हारीनंतर शुभंकर म्हणाला होता. "खुर्चीवर बिघडते."

"खुर्चीत काय बिघडायचंय? बसून तर असती."

"हाव का? बसून दाखवा मंग."

त्याने वर पार्लरमध्ये एक प्लास्टिकची खुर्ची ठेवली, मोबाइलवर वीस मिनिटं लावली आणि एकटाच खेळायला लागला. पहिल्या मिनिटाला रतनने नखं पाहिली. दुसऱ्या मिनिटाला खडू सरळ लावले. चौथ्या मिनिटाला तिला कोपऱ्यात जळमट दिसलं. सहाव्या मिनिटाला शुभंकर वळून बघतो तर खुर्ची मोकळी आणि रतन केरसुणी घेऊन स्टुलावर चढलेली.

"अवो काकू! सहा मिंटं बी नाई!"

"मला बसवत न्हाई रं बाबा. हात रिकामं असलं की डोकं पळतं. आन् डोकं पळालं की ते कुटं बी जातं. सासूच्या मयतापतुर जाऊन येतं."

खरं होतं ते. लग्न होऊन आल्यापासून ती रिकाम्या हातांनी कधी बसलीच नव्हती. गिरणीवर गिऱ्हाईक नसलं तर चाळण्या झाडायची, पट्टा बघायची, कुणी न निवडता आणलेलं धान्य स्वतः निवडायची, कारण खडा दगडात गेला तर दगड जातो. शुभंकरने हे महिनाभर बघितलं आणि एक दिवस तिच्या मांडीवर पंचा अंथरून त्यावर कुणाचे तरी हुलगे ओतले. "निवडा. म्या खेळतो. तुमची पाळी आली का सांगतो."

त्या दिवशी ती पाऊण तास बसली. हुलग्यात खडा हुलग्यासारखाच दिसतो, तोच तपकिरी रंग, तोच आकार. डोळ्याला आणि बोटांना सगळं लक्ष तिथे द्यावं लागतं, दुसरीकडे पळायला डोकं उरत नाही. आणि पाळी आली की ती उठायची आणि जसा गिरणीत डबा ओतते तशी, ना घाई ना धडपड, बॉल घालत सुटायची.

म्हणून त्या रविवारी दरवाजातून निघताना तिच्या खांद्याला काठीची लांब पिशवी आणि हातात कापडाची दुसरी पिशवी होती. तीत पंचा आणि शेरभर हुलगे, एका गिऱ्हाइकाचे, शेंगोळ्यांसाठी दळायला आलेले.

"सोमवारी द्यायचेत," ती बजरंगला म्हणाली. "तेवढंच काम हुईल."

स्पर्धा कॅम्पातल्या एका जुन्या क्लबात होती. शुभंकरच्या बाइकवरून स्वारगेट ओलांडेपर्यंत धुकं निवळलं होतं. सामन्याआधी संघटनेने खेळाडूंसाठी मनाच्या तयारीचं सत्र ठेवलं होतं. घेणारे अभिनव सर, अकादमीचे मानसिक प्रशिक्षक, पस्तिशीचे, पांढरे बूट, आवाज असा मऊ की पुढे वाकून ऐकावा लागे.

"डोळे मिटा. एक शांत तळं डोळ्यांपुढे आणा. पाण्यावर तरंगसुद्धा नाही. दिसतंय?"

"कुठलं तळं आणू?" रतनने डोळे मिटूनच विचारलं. "मला कात्रजचंच म्हाईत हाय. त्यात जलपर्णी हाय."

मागे कुणीतरी फिसकलं. अभिनव सर हसले नाहीत. "रतनताई, मन स्थिर असेल तरच हात स्थिर राहतो. भीती वाटली की खेळ संपला. भीतीला आत येऊच द्यायचं नाही."

"आन् ती आतच असली तर?"

"तर बाहेर काढायची."

"बरं," रतन म्हणाली. शेजारी बसलेली संस्कृती खाली मान घालून हसू दाबत होती. एकवीस वर्षांची, अकादमीतली सगळ्यांत हुशार मुलगी, मनगटावर ठोके मोजणारं घड्याळ. यंदाच्या शेवटच्या सामन्यात तीच रतनसमोर खेळणार होती.

सामना दोनला सुरू झाला. पंच शर्मिला मॅडम, साठीच्या, पांढरा बॉबकट, चष्मा साखळीला. पहिला डाव संस्कृतीने फोडला आणि रतन खुर्चीत बसली. तिने मांडीवर पंचा अंथरला. हुलगे ओतले. बोटं चालायला लागली.

अर्ध्या मिनिटात अभिनव सर पंचांजवळ. "मॅडम, हे काय चाललंय? समोरची खेळाडू शॉट घेतेय आणि ह्या धान्य निवडतायत."

"आवाज येतोय का?"

"आवाज नाही, पण दिसतंय ना."

"दिसायला आपणही दिसताय, अभिनव. मी काही म्हटलंय का?"

"मॅडम, हा क्लब आहे. मंडई नाही."

शर्मिला मॅडमनी नियमपुस्तक उघडलं, चार पानं उलटली आणि मिटलं. "यात हुलग्यांचा उल्लेख नाही. तो का नाही हे मी समजू शकते. खेळाडूने खुर्चीत बसावं, शांत बसावं, इतकंच आहे. त्या बसल्यात. आपणही बसा."

रतनने मान वर केली नाही. पण तिच्या जबड्याची एक शीर उडाली, ती शुभंकरने लांबून पाहिली. इतक्या लोकांत कुणी आपल्याला मंडई म्हणालं की बाई काय करते? रतनने एक मोठा खडा शोधून काढला आणि मुठीत टाकला.

संस्कृती चांगलीच खेळत होती. एक-तीन. दोन-चार. आधीची रतन असती तर एवढ्यात सुटली असती. ही रतन उठायची, खिशात खडे टाकायची, पँटला हात पुसायची, बॉल घालायची, परत येऊन निवडायला लागायची. चार-चार. पाच-पाच. मग संस्कृतीचा पाच नंबर कडेला धडकून बाहेर आला आणि तो डाव रतनने उचलला. सहा-पाच. आता एकच.

बाराव्या डावात संस्कृतीने आठपर्यंत सगळे घातले आणि नऊ नंबर, समोर पडलेला, तिच्याकडून पडला नाही, खड्ड्याच्या थोडा अलीकडे थांबला. सभागृहात 'अरे' असा एकच श्वास झाला. रतन इतक्या लवकर पाळीची वाट बघत नव्हती. उठली, पंचा खुर्चीत टाकला, टेबलावर वाकली. डावा हात कापडावर, काठी त्यावर, हलका फटका. हलकाच हवा होता. पांढरा बॉल निघाला आणि टेबलाच्या मध्यावर, जिथे काहीच नव्हतं, तिथे एक गुंजभर वळला. नऊ नंबरला नको तिथे लागला. नऊ कडेला जाऊन चिकटून बसला, अशा जागी की तिथून घालायला कुणालाही घाम फुटावा.

"टेबल वाकडं हाये बाप्पा!" शुभंकर मागून पुटपुटला. बाकीच्यांनाही तेच वाटलं. शर्मिला मॅडम कापडाकडे बघत होत्या, पण त्यांना काही दिसत नव्हतं. तपकिरी ठिपका, तिळाएवढा.

रतनला दिसत होता. डाव्या मुठीतले खडे खिशात टाकायचे राहिले होते. हात टेकवताना मूठ उघडली होती. खडे गालिच्यावर पडले, एक, सगळ्यांत बारका, कापडावर राहिला.

गप्प बसली असती तर नऊ नंबर त्या अवघड जागीच राहिला असता, आणि संस्कृतीला तिथूनच मारावं लागलं असतं. चुकलीच असती बहुतेक.

रतनने दोन बोटांनी खडा उचलला आणि तळहातावर ठेवून पंचांपुढे धरला. "माझा हाय. मुठीतून पडला. त्याला लागून बॉल वळला."

शर्मिला मॅडमनी चष्मा लावून खडा पाहिला. मग रतनकडे. "फाउल," त्या म्हणाल्या. "पांढरा बॉल हातात. संस्कृती, हवा तिथे ठेवून खेळ." आणि जरा खालच्या आवाजात, "रतनताई, ती पिशवी आता माझ्याकडे द्या. खेळात वस्तू आली की ती मला काढून घ्यावीच लागते."

संस्कृतीने पांढरा बॉल उचलून हवा तिथे ठेवला आणि नऊ नंबर घातला. सहा-सहा.

शेवटचा डाव. आधीचा डाव जिंकणारी फोडणार, म्हणजे संस्कृती. आणि रतन खुर्चीत, रिकाम्या हातांनी.

फोडताच दोन बॉल पडले. मग तीन नंबर. चार. डोक्याने दावं तोडलं. 'गेलं. आता गेलं. कुणी इचारलं हुतं का तुला? सगळी टेबलाला बोलत हुती, बोलू द्यायचं. आता बस. कट्ट्यावर काय म्हणतील? म्हातारपणी पँट घालून गेली आन् खड्यानं हारली. खडा बी स्वतःचा.'   हात कापायला लागले. आधी बोटं, मग मनगटापर्यंत. तिने ते मांड्यांखाली दाबले. समोरच्या रांगेतून अभिनव सर तिला बघत होते, आणि तिला त्यांचं तळं आठवलं. तिने खरंच प्रयत्न केला. तळं आलं, त्यात जलपर्णी आली, काठावर कट्ट्यावरचे तिचे दीर आले, हातात मोबाइल धरून चित्रण करत.

तेव्हा तिला राग आला. संस्कृतीचा नाही, अभिनव सरांचाही नाही. घाबरायचं आणि वर घाबरलेलं लपवायचंही, या दुहेरी कामाचा राग.

'बोंबल,' ती मनाला म्हणाली. 'किती बोंबलायचं ते बोंबल. मी काय तुला गप करणार न्हाई. पर मी हितनं उठायची न्हाई.'

आणि तिने मांड्यांखालचे हात बाहेर काढले. गुडघ्यांवर ठेवले, सगळ्यांना दिसतील असे. कापत होते, कापू द्या. चोरी केलीय का?

संस्कृतीने पाच घातला. वळताना तिची नजर खुर्चीकडे गेली. पिशवी नव्हती, पंचा नव्हता. मोडून पडलेली बाई दिसायला हवी होती. दिसली ती ताठ बसलेली, थरथरते हात उघडे टाकून सरळ तिच्याकडे बघणारी. संस्कृतीने मान फिरवली. सहा घातला, पण पांढरा बॉल जरा लांब गेला. सात नंबरवर वाकली. उठली. खडू लावला. घड्याळाकडे पाहिलं, आणि मग पुन्हा एकदा, नको असताना, खुर्चीकडे. तिला कधी कुणी शिकवलं नव्हतं की समोरची घाबरलेली असून घाबरलेली दिसायला लाजत नसेल तर काय करायचं. फटका गरजेपेक्षा जोरात बसला. सात नंबर खड्ड्याच्या दोन्ही ओठांवर आपटला आणि तोंडाशी थांबला.

रतन उठली. काठी उचलली.

एका शॉटला चाळीस सेकंद मिळतात. रतनने आजवर कधी बारापेक्षा जास्त घेतले नव्हते. आज ती टेबलाजवळ उभी राहिली आणि काहीच केलं नाही. खडू लावला. टेबलाला पूर्ण फेरी मारली. कुणीतरी खोकलं. कुणाची तरी खुर्ची करकरली. संस्कृती तिच्या खुर्चीत बसून ओठ चावत होती. अभिनव सर पुढे वाकले होते. 'बसा,' रतन मनात म्हणाली. 'आता तुमी बसा जरा.'

डावा पंजा तिने कापडावर सगळा पसरून दाबला, दगड बसवताना दाबते तसा. पंजा थांबला नाही. पण काठी दोन बोटांच्या खाचेत होती, आणि खाच कापली तरी खाचच राहते. तिने मागचा झोका निम्मा केला. कापणाऱ्या हाताला लांब झोका झेपत नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सात आत. पांढरा बॉल आठच्या रेषेवर, थोडा लांब. पुन्हा फेरी. पस्तिसाव्या सेकंदाला आठ, कडेकडेने सरपटत गेला आणि पडला.

नऊ नंबर टेबलाच्या त्या टोकाला. सरळ, पण लांब. लांब शॉटला हाताचा थरकाप लांबीइतका वाढतो.

मनाची बोंब चालूच होती. खरं तर आता ती शिगेला पोचली होती. राष्ट्रीय स्पर्धा, दार, पत्रक, दीर, सगळं एकदम. रतनने त्याला एकदाही गप म्हटलं नाही. वाकली. दोनदा काठी मागेपुढे केली. तिसऱ्यांदा हात जरा जास्त कापला, तर ती सरळ उभी राहिली, पुन्हा वाकली. शर्मिला मॅडम म्हणाल्या, "दहा सेकंद." रतन म्हणाली, "हाईत की मग," आणि मारला.

नऊ नंबर मधोमध गेला. खड्ड्याच्या कडेलाही शिवला नाही.

शुभंकरने जी आरोळी ठोकली ती ऐकून क्लबातले दोन म्हातारे शेजारच्या पत्त्यांच्या खोलीतून धावत आले. "माह्यी काकू हाये थे!" तो त्यांना सांगत सुटला. "धायरीची! चक्कीवाली!" रतन मात्र काठी टेबलाला टेकवून उभी होती, कारण सोडली असती तर पडली असती. काठीही आणि तीही.

शर्मिला मॅडमनी कागदावर सही घेतली, पिशवी परत दिली आणि म्हणाल्या, "राष्ट्रीय स्पर्धेला हुलगे आणू नका. तिथले पंच माझ्याइतके मोकळे नसतात."

"न्हाई आणत," रतन म्हणाली. "बसता येतंय आता."

अभिनव सर आले. हात मिळवला, मनापासून मिळवला. "रतनताई, मला एक सांगा. शेवटी मन शांत कसं केलंत?"

"शांत कोण झालं? अवो, मी भेदरले हुते."

"मग शॉट कसा मारलात?"

"भेदरूनच मारला."

 खिशातली वही काढावी की नाही, असा सरांचा हात मधेच थांबला.

संस्कृती बाहेर पायऱ्यांवर बूट बदलत बसली होती. डोळे लाल. रतन शेजारी उभी राहिली. पोरीने मान वर केली. "काकू, खड्याचं सांगितलं नसतंत तर कुणालाच कळलं नसतं. मला तर टेबलच वाटलं."

"मला कळलं हुतं की."

"तेवढ्यासाठी पूर्ण मॅच घालवली असतीत?"

"पुढं खुर्चीत बसायचं हुतं मला," रतन म्हणाली. "माझ्याच संगतीनं. लबाड बाईसंगट कुठं बसू?"

संस्कृतीने नाक पुसलं. मग पिशवीकडे बघून, "त्याचं करतात काय पण?"

"शेंगोळी. कधी खाल्ली न्हाईस? तुझी आई काय करती गं थंडीत?"

"सूप."

"ये धायरीला. घालती खायाला. पुढल्या साली तूच असशील संघात, तवा अंगात ताकत पायजे."

परत येईपर्यंत सहा वाजले. बातमी शुभंकरच्या मोबाइलवरून आधीच पोचली होती. कट्ट्यावरचे दोघे उठून उभे राहिले. एक म्हणाला, "वहिनी, गोट्या… म्हणजे बॉल… चांगलं झालं म्हणं."

"गोट्याच म्हणा," रतन म्हणाली. "मला राग न्हाई. राज्याकडनं गोट्या खेळायला चालले."

गिरणीपुढे डब्यांची रांग लागली होती. बजरंगच्या भुवयांपासून चपलांपर्यंत सगळं पांढरं. तो तिच्याकडे बघत राहिला. "लागलं का मग जायाला?"

"व्हय. फेब्रुवारीत. आठ दिस."

"आन् गिरणी?"

"तुमी हाय की."

"मी?" बजरंगने रांगेकडे हात केला. "दुपारपासनं हीच दशा हाय. बाजरी लई तापून उतरतीय."

"दगड जास्त आवळला असंल. सरका."

रतनने काठी खिळ्याला टांगली. कॉलरच्या शर्टावरूनच मफलर नाकातोंडाला बांधला, मोटर बंद केली, आणि दगड आवळणारा नट पान्याने अर्धा फेरा सैल केला. मोटर पुन्हा सुरू झाली. तिने क्षणभर कान देऊन ऐकलं, उतरणाऱ्या पिठात हात घातला, चिमूट चोळून पाहिली आणि रांगेतला पहिला डबा उचलला.

"ही बाजरी कुणाची? जाड का बारीक? बोला लवकर."